लिंडाबाईंचा प्रश्न

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दर वर्षी आपल्या वर्धापनदिनाला बाहेरच्या कोणी विदुषी येतात, बोलतात आणि आपण ऐकतो. यंदा चिटणीसबाईंनी हट्ट धरला की आपल्यातलीच कोणीतरी बोलू दे. चिठ्ठ्या टाकल्या आणि नेमकी माझ्या नावाची निघाली. मी सातवी शिकलेली बाई. पापडाच्या पिठाचे प्रमाण विचारलेत तर न अडखळता सांगेन. पण आज मी बोलणार आहे ती अमेरिकेतल्या एका प्राध्यापिकेविषयी. हसू नका, आधी ऐकून तर घ्या.

माझ्या बहिणीची मुलगी कॉलेजात चित्रकलेचा इतिहास शिकते. गेल्या मे महिन्यात ती आमच्याकडे राहायला आली होती. तिला या बाईंवर मोठा निबंध लिहायचा होता आणि पुस्तके तर सारी इंग्रजी. "मावशी, तुला मराठीत सांगता आलं तरच मला समजलं असं मी धरीन," असे म्हणून ती रोज दुपारी, मी तांदूळ निवडीत असले की, समोर येऊन बसायची. पंधरा दिवस हे चालले. आज मी सांगते ते सगळे तिच्या तोंडून ऐकलेले आहे. काही चुकले तर तो दोष माझ्या कानांचा.

आधी मलाच कळेना की चित्रकलेचा इतिहास म्हणजे शिकायचे तरी काय! चित्र काढणे वेगळे आणि चित्रांचा अभ्यास करणे वेगळे. चित्र कोणी काढले, कधी काढले, त्याचे पैसे कोणी दिले, ते कोणाच्या भिंतीवर लागले, त्या वेळी देशात काय चालले होते, हे सगळे शोधायचे आणि मग पुन्हा त्या चित्राकडे पाहायचे. ज्या बाईंनी जन्मभर हे काम केले त्यांचे नाव लिंडा नॉक्लिन.

लिंडाबाईंचा जन्म 30 जानेवारी 1931 चा, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातला. व्हॅसर नावाच्या कॉलेजात त्या शिकल्या. त्या काळी ते फक्त मुलींचे होते. तिथून 1951 साली तत्त्वज्ञान घेऊन पदवी मिळवली, पुढच्याच वर्षी कोलंबिया विद्यापीठातून इंग्रजीत एम. ए. झाल्या आणि पुन्हा आपल्याच कॉलेजात शिकवू लागल्या. लग्न झाले, मुलगी झाली, आणि 1960 साली नवरा वारला. पदरी लहान मुलगी, नोकरी आणि अर्धवट राहिलेला प्रबंध. तो प्रबंध त्यांनी पुरा केला आणि 1963 साली डॉक्टर झाल्या. भाचीने हे एका वाक्यात सांगून टाकले, पण मी तिला तिथेच थांबवले. त्या तीन वर्षांत त्या पोरीचे खाणेपिणे, दुखणीखुपणी कोणी पाहिली असतील, हे मला विचारावेसे वाटले. पुस्तकात ते नव्हते.

प्रबंधाचा विषय होता कुर्बे नावाचा फ्रेंच चित्रकार. याच्याविषयी जरा सविस्तर सांगते, कारण पुढचे सगळे त्याच्यावर उभे आहे.

फ्रान्समध्ये 1848 साली मोठी क्रांती झाली. राजा पळाला, आणि शेतकरी, मजूर, सगळ्या पुरुषांना मताचा हक्क मिळाला. (बायकांना तो तिथे 1944 साली मिळाला, हे जाता जाता सांगते.) पुढच्याच वर्षी या कुर्बेने एक चित्र काढले. रस्त्याच्या कडेला खडी फोडणारे दोघे जण, एक म्हातारा आणि एक पोरगा. कपडे फाटलेले, दोघांचीही तोंडे आपल्याला दिसत नाहीत. तुम्ही म्हणाल, यात काय विशेष? आपल्याकडे रस्त्याचे काम निघाले की खडी फोडणारे दिसतातच, आणि त्यांत बायाही असतात, झोळीत पोर घेऊन. पण त्या काळी मोठी चित्रे काढायची ती देवांची, राजांची, नाहीतर लढायांची. गरिबाचे चित्र काढलेच तर लहानसे, हसरे, बघून बरे वाटेल असे. कुर्बेने हे दोघे जवळजवळ खऱ्या माणसाएवढे रंगवले. त्यानंतर आपल्या ऑर्नां गावातली एक मयत रंगवली. दहा फूट उंच आणि एकवीस फुटांहून जास्त रुंद, तीत गावची चाळीसच्या वर माणसे, जशी होती तशी, नाके लाल, चेहरे ओबडधोबड. पॅरिसच्या प्रदर्शनात एकच गिल्ला झाला. लोकांना ती चित्रे कुरूप वाटली हे खरे, पण भीतीही वाटली, असे लिंडाबाई सांगतात. ज्यांना कालपर्यंत कोणी मोजत नव्हते ते आज भिंत भरून समोर उभे राहिले होते, आणि त्यांच्या हाती मतही होते.

दुर्दैवाने ते खडी फोडणारांचे चित्र आज जगात नाही. दुसऱ्या महायुद्धात, 1945 साली, जर्मनीत ते नष्ट झाले. आता फक्त फोटो पाहायचे.

अशा चित्रकारांना एक फ्रेंच शब्द आहे, 'आवाँ-गार्द'. भाची हा शब्द मराठीत कसा सांगावा म्हणून अडली, तेव्हा आमच्या घरातून मदत मिळाली. ते म्हणाले, "अगं, म्हणजे बिनीवाले!" फौजेच्या पुढे जी तुकडी चालते ती बिनी. हा शब्द मूळचा लष्करातलाच. फ्रान्समध्ये सँ सिमाँ नावाचा एक विचारवंत होता. त्याच्या मंडळींनी 1825 च्या सुमारास तो कलावंतांना लावला. नवा, न्यायाचा समाज आणायचा तर पुढे कलावंतांनी चालावे, असे त्यांचे म्हणणे. 1968 साली लिंडाबाईंनी यावर मोठा लेख लिहिला. आज कोणी काही विचित्र रंगवले की त्याला बिनीचा म्हणतात, पण हा शब्द जन्मला तेव्हा त्यात राजकारण होते, माणसांच्या हक्काची गोष्ट होती, हे त्यांनी दाखवून दिले.

कुर्बेला तर हे फार महाग पडले. 1871 साली पॅरिसच्या कामकऱ्यांनी शहर आपल्या ताब्यात घेतले तेव्हा तो त्यांच्या बाजूला होता. त्या धामधुमीत नेपोलियनचा विजयस्तंभ पाडला गेला. सरकार परतल्यावर कुर्बेला सहा महिने तुरुंग, आणि पुढे स्तंभ नव्याने उभारण्याचा खर्चही त्याच्याच डोक्यावर. 3 लाख 23 हजार फ्रँक! वर्षाला दहा हजार, असे तेहतीस वर्षे भरायचे. तो स्वित्झर्लंडला निघून गेला आणि 31 डिसेंबर 1877 रोजी वारला. पहिला हप्ता दुसऱ्या दिवशी द्यायचा होता.

तर लिंडाबाई अशा चित्रांचा अभ्यास करीत होत्या. गरीब कोण, श्रीमंत कोण, कोणाला भिंतीवर जागा मिळाली, कोणाला नाही. पण बायकांना जागा का नाही, हा प्रश्न त्यांना वयाची अडतीस वर्षे होईपर्यंत तसा पडलाच नव्हता! 1968 साली त्यांनी दुसरे लग्न केले होते, आणि 1969 साली इटलीतून त्या घरी परतल्या त्या लहान बाळ घेऊन. तेव्हा एक मैत्रीण स्त्रियांच्या चळवळीची पत्रके घेऊन आली. ती त्यांनी रात्रभर जागून वाचली, आणि कॉलेजात त्या वर्षीच्या वर्गाचा विषयच बदलून टाकला. 'चित्रांतली स्त्री' हा विषय घेऊन मुलींबरोबर स्वतःही शिकू लागल्या. पुढच्या वर्षी, 1970 साली, कॉलेजच्या पदवीदान समारंभाला एक चित्रविक्रेता आला होता. तो त्यांना म्हणाला की मला बायकांची चित्रे विकायला आवडेल, पण चांगली मिळतच नाहीत. थोर चित्रकार बायका का बरे झाल्या नाहीत?

या एका प्रश्नावर त्यांनी जो लेख लिहिला तो जानेवारी 1971 च्या 'आर्ट न्यूज' मासिकात आला, आणि त्याच्यामुळे त्यांचे नाव जगभर झाले. लेखाचे नावही तोच प्रश्न आहे.

मला वाटले होते की बाई आता रागावून यादी काढतील, ही बघा थोर, ती बघा थोर. तसे त्या करीत नाहीत. त्या सरळ कबूल करतात की मायकेल अँजेलोच्या तोडीची बाई झालेली नाही. एस्किमोंमध्ये टेनिसचे थोर खेळाडूही झालेले नाहीत, असे त्या म्हणतात. तो काही एस्किमोंच्या हाताचा दोष नव्हे. मग त्या उलटा प्रश्न टाकतात. सरदार-उमरावांच्या घरांतून तरी थोर चित्रकार कुठे फारसे निघाले? त्यांना पैसा होता, शिक्षण होते. पण त्यांचा वेळ मानपान, भेटीगाठी, समारंभ यांतच जायचा. म्हणजे नुसती बुद्धी आणि पैसा पुरत नाही. घरात वळण लागते, शिकवणारा लागतो, वर्षानुवर्षे मोकळा वेळ लागतो आणि कोणीतरी दार उघडावे लागते. पिकासोचे वडील चित्रकलेचे मास्तर होते. पिकासो मुलगी म्हणून जन्मला असता तर त्यांनी तिच्याकडे तेवढे लक्ष पुरवले असते का, असे त्या विचारतात.

आता जे सांगायचे ते सांगताना थोडा संकोच वाटतो, पण मुद्दा तिथेच आहे. युरोपात चित्रकार व्हायचे तर समोर उघडा माणूस बसवून त्याचे चित्र काढायला शिकावे लागे. त्यावाचून मोठे चित्र जमत नाही, अशी शेकडो वर्षांची रीत. आणि या वर्गात बायकांना बंदी. लंडनच्या रॉयल अकादमीत 1893 पर्यंत मुलींना तो वर्ग नव्हता, आणि नंतर मिळाला तोही माणसाला थोडे झाकून. तीच अकादमी 1768 साली स्थापन झाली तेव्हा सभासदांत अँजेलिका कौफमन आणि मेरी मोझर या दोघी होत्या. सभासदांचे एक चित्र आहे. त्यात पुरुष उघड्या माणसाभोवती जमलेले आहेत, आणि या दोघी? त्यांच्या नुसत्या तसबिरी भिंतीवर टांगलेल्या! अमेरिकेत तर 1885 च्या सुमाराचा एक फोटो आहे, मुलींचा वर्ग चालू आहे आणि समोर नमुना म्हणून उभी केली आहे गाय. हे ऐकून मी इतकी हसले की सूप हातातून पडले. मग भाची म्हणाली, "मावशी, हसतेस काय, तुझं काय झालं होतं ते सांग ना."

तिला आईकडून कळले असणार. तर ते सांगते. सहावी-सातवीत मला चित्रकलेचे वेड होते. ड्रॉइंगच्या मास्तरांनी एलिमेंटरीच्या परीक्षेला माझे नाव घातले होते. केंद्र तालुक्याला, परीक्षा दोन दिवस, म्हणजे एक रात्र बाहेर राहणे आले. मुलगे चार होते, मुलगी मी एकटी. घरी विचारले तर कोणी रागावले नाही, मारले नाही. आजी एवढेच म्हणाली, "पोरीला एकटी कोण पाठवतं?" रंगाची पेटी धाकट्या भावाला गेली. सातवीनंतर शाळा सुटली. पुढे मी स्वतःलाच सांगू लागले की आपल्या हातात काही नव्हतेच, असते तर दिसले नसते का? तीस-पस्तीस वर्षे मी हे खरे धरून चालले.

लिंडाबाईंचा लेख ऐकून मी थोर चित्रकार झाले असते असे मला मुळीच वाटत नाही, आणि तसे त्या म्हणतही नाहीत. त्या कोणाला गोंजारत नाहीत, हेच मला त्यांचे आवडले. हात होता की नव्हता हे आता कोणालाच सांगता येणार नाही, कारण तपासलाच गेला नाही. पण 'नव्हताच' असे म्हणायचे मी आता सोडले आहे.

लेखात रोझा बोनर नावाच्या फ्रेंच बाईंची हकिकत आहे, तीही सांगण्यासारखी आहे. जन्म 1822 चा. वडील चित्रकलेचे शिक्षक आणि मघाच्या सँ सिमाँच्या पंथातले. त्या पंथात स्त्रीपुरुष सारखे मानीत. घोडे, बैल रंगवण्यात या बाईंचा हात धरणारा कोणी नव्हता. पण जनावरे पाहायची तर घोड्यांच्या बाजारात, खाटिकखान्यात जायला हवे, आणि लांब झग्यात तिथे वावरता येईना. म्हणून त्यांनी विजार घालायचा पोलिसांकडून लेखी परवाना काढला! त्यांचे घोडेबाजाराचे साडेसोळा फूट लांबीचे चित्र आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. 1865 साली फ्रान्सच्या सम्राज्ञीने स्वतः येऊन त्यांना राष्ट्राचा मोठा सन्मान दिला. एवढे असूनही त्या विजारीबद्दल त्या लोकांना सारख्या समजावीत राहायच्या की ही केवळ कामापुरती हो, एरवी मी साधी बाईच आहे. लिंडाबाईंनी हे बरोबर हेरले आहे. सन्मान मिळाला तरी सफाई देणे सुटत नाही.

आणखी एक गोष्ट त्यांनी दाखवली. जुन्या काळी ज्या बायका चित्रकार झाल्या त्या बहुतेक चित्रकारांच्याच मुली. बाहेर शिकायला दार बंद, पण घरातच वडिलांचे रंग आणि ब्रश. इटलीची आर्टेमिझिया तशी, मघाची अँजेलिका तशी, रोझा बोनर तशी. भाची म्हणाली, लांब कशाला जायचे, आपल्याकडेच पाहा. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या अंबिकाबाई धुरंधर (1912–2009) या नामवंत चित्रकार महादेव विश्वनाथ धुरंधर यांच्या कन्या. तिथल्याच अँजेला त्रिंदाद (1909–1980) या गोव्याचे चित्रकार अँतोनियो झेवियर त्रिंदाद यांच्या कन्या. ज्या शेतकऱ्याच्या, कारकुनाच्या मुलीला हात होता, तिचे काय झाले असेल ते तुम्ही आम्ही जाणतो.

एका जागी मात्र मी लिंडाबाईंशी मनातल्या मनात भांडले. जुन्या विलायती पुस्तकांत बायकांना उपदेश असे की एकाच गोष्टीत फार पारंगत होऊ नये, सगळे थोडे थोडे यावे, म्हणजे घराला उपयोग. अशाने बाईची कला कायमची हौसच राहते, असे त्या म्हणतात. ते पटते. आपल्याकडेही स्थळ सांगताना 'मुलीला गाणे, भरतकाम, सगळे थोडे थोडे येते' असेच सांगत. पण मग माझ्या सासूबाई बोटांच्या चिमटीतून ठिपक्यांची जी रांगोळी काढीत, एकही रेघ न पुसता, ते थोडे थोडे होते का? तो लेख चित्रांचा आणि पुतळ्यांचा. रांगोळीला, गोधडीला त्यात जागा नाही. मोठे कशाला म्हणायचे हे ज्यांनी ठरवले, त्यांच्या मापाने मोजले तर आपण उण्याच पडणार. भाचीने हे निबंधात लिहून घेतले. म्हणाली, "मास्तरांना विचारते."

लेख लिहून बाई थांबल्या नाहीत. अ‍ॅन सदरलँड हॅरिस या दुसऱ्या विदुषीबरोबर त्यांनी 1550 ते 1950 या चारशे वर्षांतल्या चित्रकार स्त्रियांचे प्रदर्शन भरवले. बारा देशांतल्या 83 बायकांची चित्रे! 1976 च्या डिसेंबरात लॉस एंजेलिसला ते उघडले आणि पुढे आणखी तीन शहरांत गेले. कित्येक चित्रे संग्रहालयांच्या तळघरांत धूळ खात होती, ती वर आली.

1983 साली त्यांनी युरोपच्या चित्रकारांनी रंगवलेल्या आपल्या पूर्वेकडच्या जगावर लिहिले. जेरोम नावाच्या फ्रेंच चित्रकाराचे गारुड्याचे एक चित्र आहे. उघडा पोरगा अंगाला साप गुंडाळून उभा, मागे भिंतीला टेकून बसलेली माणसे, आणि भिंतीवरच्या सुंदर निळ्या फरशा जागोजागी फुटलेल्या. लिंडाबाई म्हणतात, या चित्रात गोरा माणूस कुठेच दिसत नाही, पण सगळे चित्र त्याच्याच डोळ्यांनी पाहिलेले आहे. फुटक्या फरशा रंगवून तो सुचवतो की हे लोक आळशी, यांना आपल्या वस्तू सांभाळता येत नाहीत. दीडशे वर्षे गोऱ्यांचे राज्य सोसलेल्या आपल्याला हे वेगळे समजावून सांगायला नको.

आणि 1988 साली त्या फिरून कुर्बेकडे आल्या. त्याचे 1855 चे एक अवाढव्य चित्र आहे, स्वतःच्या कामाच्या खोलीचे. मध्ये तो स्वतः रंगवीत बसलेला, भोवती मित्र, गिऱ्हाईक, गोरगरीब. तरुणपणी या चित्रकारावर त्यांनी एवढा अभ्यास केला होता. आता त्यांची नजर खिळली ती जमिनीवर बसलेल्या एका आयरिश भिकारणीवर. अंगावर चिंध्या, मांडीवर पोर. गरिबांची बाजू घेणाऱ्या त्या बिनीच्या चित्रकाराच्या खोलीत बाईला जागा कुठे, तर एक उघडी त्याच्या मागे उभी आणि एक ही खाली अंधारात. बाईंनी कुर्बेला टाकून दिले नाही. त्याच्यावर प्रेमही ठेवले आणि हेही लिहिले.

व्हॅसरनंतर त्यांनी न्यूयॉर्कच्या सिटी विद्यापीठात आणि येल विद्यापीठात शिकवले. 1992 पासून, जिथे स्वतः डॉक्टर झाल्या त्याच न्यूयॉर्कच्या संस्थेत त्या मोठ्या पदावर होत्या. 2013 साली, ब्याऐंशीव्या वर्षी, निवृत्त झाल्या, आणि 29 ऑक्टोबर 2017 रोजी वारल्या. शेवटचे पुस्तक त्यांच्या मागून निघाले. त्याचा विषय पुन्हा तोच, एकोणिसाव्या शतकातल्या चित्रांतली गरिबी.

अ‍ॅलिस नील या चित्रकार बाईंनी 1973 साली काढलेले त्यांचे एक चित्र बोस्टनच्या संग्रहालयात आहे. भाचीने त्याची प्रत मला दिली, ती आज इथे टेबलावर ठेवली आहे, जाताना जरूर पाहा. कोचावर लिंडाबाई बसल्या आहेत आणि शेजारी धाकटी मुलगी. पोर अगदी आता उठून पळेल अशी. एवढ्या मोठ्या विदुषी, पण पोरीला घेऊन बसल्यात तुमच्याआमच्यासारख्याच.

आता एक कामाची गोष्ट सांगते आणि बसते. आपल्या आळीतल्या ज्या मुलींना यंदा ड्रॉइंगच्या परीक्षेला बसायचे आहे, त्यांनी शाळेत फॉर्म भरावा आणि नाव माझ्याकडे द्यावे. केंद्र लांब पडले, मुक्काम करावा लागला, तर सोबत मी जाईन. आमच्या घरी विचारून झाले आहे. दोन दिवस ते डबा बाहेरून आणणार आहेत.